रॅम वाढवली, पण पूर्ण मिळाली का?

संगणक रेंगाळायला लागला की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो 'रॅम वाढव' असा. रॅम म्हणजे चालू कामाचा मजकूर धरून ठेवणारी मेमरी. सल्ला बऱ्याचदा बरोबरच असतो. मग दुकानातून ८ जीबीची स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, येते, रिकामा दिसेल त्या स्लॉटमध्ये बसते, विंडोजमध्ये १६ जीबी दिसू लागतात आणि काम संपलं असं सगळे धरून चालतात. पण ती स्टिक योग्य स्लॉटमध्ये बसली का, जुनीशी तिची जोडी जमली का, पाकिटावर छापलेल्या वेगाने ती चालते आहे का, हे कुणी पाहत नाही. त्यामुळे घरोघरी, डीटीपीच्या दुकानांत आणि छोट्या ऑफिसांत पूर्ण पैसे मोजून घेतलेली मेमरी निम्म्या रुंदीने आणि कमी वेगाने वर्षानुवर्षं चालत राहते. स्टिक विकत घेणं हे अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं फुकट आहे, फारसं अवघडही नाही आणि ते ज्याचं त्याला करता येतं. हा लेख त्या दोन्ही अर्ध्यांबद्दल आहे.

आधी दुखणं ओळखा

पैसे खर्च करण्याआधी रॅम खरोखर कमी पडते आहे का ते बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स' आणि मग 'मेमरी' निवडा. हे संगणक नुकताच सुरू केल्यावर पाहून उपयोग नाही. रोजच्या कामाचा पसारा उघडलेला असताना पाहा: ब्राउझरमध्ये नेहमीइतके टॅब, सोबत एक्सेल, टॅली, फोटोशॉप किंवा कोरलड्रॉ, जे तुमचं असेल ते.

तिथे वापर ७० टक्के दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. रिकामी पडलेली रॅम काहीच कामाची नसते, म्हणून विंडोज तिच्यात अलीकडे वापरलेल्या फायली धरून ठेवते. 'कॅश्ड' या नावाखाली दिसते ती हीच मेमरी. एखाद्या प्रोग्रामला जागा लागली की ती लगेच मोकळी केली जाते. एका टिचकीत रॅम साफ करून देणारी ॲप्स हाच उपयोगी साठा फेकून देतात, म्हणून ती वापरूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पाहण्यासारखा आकडा 'कमिटेड' हा आहे. तिथे दोन संख्या असतात. पहिली म्हणजे सगळ्या प्रोग्रामांनी मिळून मागितलेली मेमरी, दुसरी म्हणजे रॅम आणि डिस्कवरची राखीव जागा धरून देता येण्याजोगी एकूण मेमरी. तुमच्याकडे ८ जीबी रॅम असेल आणि पहिली संख्या कामाच्या वेळी सतत ११-१२ वर राहत असेल, शिवाय एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाताना डिस्क खडखडत असेल, तर रॅम कमी पडते आहे यात शंका नाही. जागा अपुरी पडली की विंडोज रॅममधला काही मजकूर डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन ठेवते आणि गरज पडली की परत आणते. संगणक 'हँग झाला' असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा ही ने-आण चाललेली असते.

ती इतकी महाग का पडते, हे आकड्यांतच पाहू. प्रोसेसरला रॅममधून काही हवं असेल तर साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्ड डिस्कला तेच काम करायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. रॅमचा हा वेळ ताणून एक सेकंदाएवढा धरला, तर हार्ड डिस्कची वाट साडेसत्तावीस तासांहून जास्त पाहावी लागेल. साध्या एसएसडीसाठी, म्हणजे फिरते भाग नसलेल्या, चिपांवर चालणाऱ्या डिस्कसाठी, तोच हिशेब सोळा-सतरा मिनिटांवर येतो.

या हिशेबातून आणखी एक सल्ला निघतो, आणि दुकानदार तो देईलच असं नाही. तुमच्या संगणकात अजून हार्ड डिस्कवरच विंडोज असेल आणि ८ जीबी रॅम आधीच असेल, तर पहिला खर्च एसएसडीवर करा. फरक त्याच दिवशी जाणवेल. रॅमचा विचार त्यानंतर.

किती लागते? विंडोज ११ चालवायला मायक्रोसॉफ्टने ४ जीबी ही किमान अट ठेवली आहे, पण तेवढ्यात विंडोज नुसती सुरू होते, काम करवत नाही. पत्रव्यवहार, हिशेब आणि ब्राउझर एवढंच काम असेल तर ८ जीबीत भागतं. नव्याने घेताना मात्र १६ धरून चला. मोठी फ्लेक्स बॅनर, शंभरेक पानांची सजावट, लग्नाच्या अल्बमचे फोटो किंवा व्हिडिओचं संपादन असेल तर ३२ जीबीचे पैसे वसूल होतात. त्यापुढची मेमरी कशासाठी लागते ते ज्याला लागते त्याला माहीत असतं.

एक जुनी अडचण अजूनही भेटते. एखादा जुना प्रिंटर किंवा फाँटचं जुनं सॉफ्टवेअर चालावं म्हणून काही ठिकाणी ३२-बिट विंडोज जपून ठेवलेली असते. ती कितीही रॅम बसवली तरी ४ जीबीपलीकडे जात नाही, आणि त्यातलीही तीन-साडेतीनच हाती लागते. अशा यंत्रात रॅम वाढवण्याआधी ६४-बिट विंडोजवर यावं लागतं, आणि त्यासाठी नव्याने इन्स्टॉल करण्याला पर्याय नाही.

पिढी चुकली तर स्टिक बसतच नाही

डेस्कटॉपमध्ये आज रॅमच्या तीन पिढ्या आढळतात. डीडीआर-३ चं मानक २००७ चं, डीडीआर-४ बाजारात आली २०१४ मध्ये, आणि डीडीआर-५ चं मानक २०२० मध्ये जाहीर झालं. त्यांना लागणारा व्होल्टेज अनुक्रमे १.५, १.२ आणि १.१ आहे. डीडीआर-३ च्या स्टिकला २४० पिना असतात, पुढच्या दोन्हींना २८८. पिना सारख्या असल्या तरी डीडीआर-४ आणि डीडीआर-५ च्या तळाशी असलेली खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नका. खाच जुळत नाही याचा अर्थ एकतर स्टिक उलटी धरली आहे किंवा पिढीच वेगळी आहे.

आपल्या यंत्रात कोणती आहे हे कॅबिनेट न उघडताही कळतं. सीपीयू-झेड नावाचा छोटा मोफत प्रोग्राम घ्या. त्याच्या 'मेनबोर्ड' पानावर मदरबोर्डचं, म्हणजे सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात त्या मुख्य पाटीचं, नाव, 'मेमरी' पानावर पिढी आणि सध्याचा वेग, आणि 'एसपीडी' पानावर प्रत्येक स्लॉटमधल्या स्टिकची कुंडली दिसते. मदरबोर्डचं नाव मिळालं की कंपनीच्या संकेतस्थळावर त्याचं माहितीपत्रक उघडा. किती स्लॉट, एकूण कमाल किती जीबी, कोणता वेग, आणि कंपनीने स्वतः तपासलेल्या स्टिकांची यादी, हे सगळं तिथे असतं. त्या यादीत नसलेली स्टिक चालणारच नाही असं नाही, पण यादीतली मिळत असेल तर तीच घ्यावी.

प्रोसेसरवरूनही अंदाज येतो. इंटेलच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पिढीला डीडीआर-३ लागते. सहाव्या पिढीपासून अकराव्यापर्यंत बहुतेक यंत्रं डीडीआर-४ ची आहेत. बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी डीडीआर-४ आणि डीडीआर-५ दोन्ही चालवू शकते, पण एका मदरबोर्डवर त्यांतली एकच चालते, तेव्हा इथे प्रोसेसर पाहून घेऊ नका, बोर्ड पाहा. एएमडीकडे गणित सोपं आहे: एएम-४ सॉकेट म्हणजे डीडीआर-४, एएम-५ म्हणजे डीडीआर-५.

आपल्याकडे असेंबल केलेल्या जुन्या संगणकांत एच-६१ चिपसेटचे बोर्ड भरपूर आहेत. त्यांच्यावर सहसा दोन स्लॉट असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर एका स्लॉटमध्ये ८ जीबीच्या पुढे जात नाहीत. म्हणजे १६ जीबी ही शेवटची मर्यादा. अशा यंत्रासाठी ऑनलाइन स्टिक शोधताना एका सापळ्यापासून सांभाळा. काही डीडीआर-३ स्टिका इतरांपेक्षा ठळकपणे स्वस्त असतात आणि वर्णनात कुठेतरी 'फक्त एएमडीसाठी' असं लिहिलेलं असतं. त्यांच्यावरच्या चिपांची मांडणी अशी असते की इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरला ती वाचता येत नाही. स्टिक नीट बसते, पण डिस्प्ले येत नाही, आणि बिचारा माणूस बोर्ड बिघडला असं समजतो. सर्व्हरमधून निघालेल्या 'रजिस्टर्ड' स्टिकांचंही तसंच. त्या स्वस्तात मिळतात, पण घरगुती बोर्डावर चालत नाहीत. आणि अगदी छोटे, तळहातावर मावतील असे संगणक किंवा ऑल-इन-वन असेल तर त्यात लॅपटॉपची आखूड स्टिक लागण्याचा संभव जास्त, तेव्हा आधी खात्री करून घ्या.

एकापेक्षा दोन, आणि त्या कुठे

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यात घरगुती संगणकात दोन वाटा असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. प्रत्येक चॅनेल ६४ बिट रुंद, म्हणजे एका वेळी ८ बाइट नेणारा. ३२०० वेगाच्या डीडीआर-४ चा एक चॅनेल सेकंदाला २५.६ जीबी नेऊ शकतो, दोन्ही चालू असले की ५१.२. एकच १६ जीबीची स्टिक लावली तर एक चॅनेल रिकामा राहतो. ८ आणि ८ अशा दोन लावल्या तर दोन्ही चालतात. क्षमता तेवढीच, वाहतूक दुप्पट.

वर्ड किंवा टॅलीमध्ये हा फरक कदाचित कळणार नाही. पण ज्या संगणकात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तिथे चित्र रंगवण्याचं कामही प्रोसेसरमधला ग्राफिक्स भाग करतो आणि त्यासाठी हीच रॅम वापरतो. त्याला दोन चॅनेल मिळाले की खेळ, व्हिडिओ आणि मोठ्या पडद्यावरचं काम स्पष्टपणे सुधारतं. एएमडीच्या रायझन ५६००जी सारख्या प्रोसेसरवर यंत्र उभं केलं असेल तर एकच स्टिक लावणं म्हणजे पैसे मोजून घेतलेलं ग्राफिक्स बांधून ठेवणं आहे.

आता स्लॉट. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरकडून मोजत गेलं की पहिले दोन एका चॅनेलचे आणि पुढचे दोन दुसऱ्याचे असतात. बोर्डावर बारीक अक्षरांत ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशी नावं छापलेली असतात. दोन स्टिका असतील तर बहुतेक सर्व आधुनिक बोर्डांवर त्या ए-२ आणि बी-२ मध्ये, म्हणजे प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या. शेजारी-शेजारी बसवल्या तर दोन्ही एकाच चॅनेलवर येतात आणि दुसरा ओस पडतो. पहिल्या आणि तिसऱ्यात बसवल्या तर चॅनेल दोन्ही मिळतात, पण तारांची रचना अशी असते की त्या प्रत्येक चॅनेलच्या दुसऱ्या स्लॉटपर्यंत जाऊन संपतात. शेवटचा स्लॉट रिकामा राहिला की ते उघडं टोक सिग्नल परत फेकतं आणि जास्त वेगाला गडबड होते. स्टिक एकच असेल तर तीही सहसा ए-२ मध्ये. तुमच्या बोर्डाच्या माहितीपत्रकात वेगळं सांगितलं असेल तर तेच प्रमाण माना.

८ आणि ४ अशी विषम जोडी लावली तर? इंटेलचे बोर्ड ती बऱ्यापैकी सांभाळून घेतात: दोन्हींतले ४-४ जीबी जोडीने चालतात आणि उरलेले ४ एकेरी. नाइलाज असेल तर हे वाईट नाही.

जुन्या स्टिकशी नवी जोडताना वेग, सीएल (याचा अर्थ पुढे येतो) आणि व्होल्टेज तिन्ही सारखे पाहा. वेग वेगळे असले तर दोन्ही स्टिका कमी वेगवालीच्या चालीने चालतात. कंपनी आणि मॉडेल एकच असलं तरी वर्ष-दोन वर्षांच्या अंतराने घेतलेल्या स्टिकांवर वेगळ्या चिपा असू शकतात, म्हणून जोडीने विकल्या जाणाऱ्या पाकिटाला मी नेहमी पसंती देतो. डीडीआर-४ मध्ये वेगवेगळ्या स्टिका साधारण वेगावर बहुधा नांदतात. डीडीआर-५ मध्ये हा प्रयोग टाळा. तिथे चार स्टिका भरणंही महागात पडतं. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने दोन स्टिकांना ५२०० हा अधिकृत वेग दिला आहे, चार स्टिकांना ३६००. त्यामुळे डीडीआर-५ च्या यंत्रात ३२ जीबी हवी असेल तर १६-१६ च्या दोनच घ्या. पुढे ६४ ची गरज पडली तर त्या विकून ३२-३२ घ्याव्या लागतील, ही मनाची तयारी आधीच ठेवा.

पाकिटावरचे आकडे

समजा लिहिलं आहे 'डीडीआर४-३२००, सीएल १६, १.३५ व्होल्ट'. यातले ३२०० हे मेगाहर्ट्झ नाहीत, तर सेकंदाला ३२०० दशलक्ष देवाणघेवाणी आहेत. मेमरीचं घड्याळ १६०० मेगाहर्ट्झवर चालतं आणि प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती जाते. म्हणून सीपीयू-झेडमध्ये १६०० दिसलं तर फसवणूक झाली असं समजू नका, दोनाने गुणा. काही स्टिकांवर याऐवजी पीसी४-२५६०० असं असतं. तेही त्याच वेगाचं दुसरं नाव आहे: ३२०० ला ८ ने गुणलं की २५६००.

सीएल समजायला स्टिकच्या आत डोकवावं लागतं. आजच्या रॅममधला प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमध्ये विद्युतभाराच्या रूपात राहतो, आणि त्याच्या दाराशी एक ट्रान्झिस्टर असतो. ही रचना १९६६ मध्ये आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना सुचली, आणि दोन वर्षांनी तिचं पेटंट मिळालं. आपल्या १६ जीबीच्या मुळाशी तोच एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर आहे. हा भार आपोआप गळतो, म्हणून प्रत्येक ओळ साधारणपणे ६४ मिलिसेकंदांच्या आत वाचून पुन्हा भरावी लागते. वीज गेली की रॅममधलं सगळं जातं ते याचमुळे. प्रोसेसरने काही मागितलं की आधी ती ओळ उघडावी लागते, मग त्यातला रकाना निवडावा लागतो. रकाना मागितल्यापासून माहिती बाहेर पडेपर्यंत घड्याळाचे जितके ठोके जातात, तो सीएल.

म्हणजे नुसता सीएल पाहून काही ठरत नाही, ठोका किती लांबीचा हेही पाहावं लागतं. २००० ला वेगाने भागा आणि सीएलने गुणा, नॅनोसेकंद मिळतात. ३२०० आणि सीएल १६ ला १० नॅनोसेकंद. ३२०० आणि सीएल २२ ला १३.७५. डीडीआर-५ मध्ये ६००० आणि सीएल ३० ला पुन्हा १०, तर ४८०० आणि सीएल ४० ला जवळपास १६.७. दोन स्टिकांच्या किमतीत थोडाच फरक असेल तर हा हिशेब तिथल्या तिथे मोबाइलवर करून बघा.

दुकानात जाताना

२०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरीचे दर जोरात चढले. जगातली बहुतेक डीरॅम, म्हणजे या स्टिकांवरच्या मेमरी चिपा, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीत नफा जास्त असल्याने त्यांचं उत्पादन तिकडे वळलं. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा आपला क्रुशल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा काळात 'पुढे लागेल' म्हणून दुप्पट घेणं शहाणपणाचं नाही. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ साठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा तुमच्या शहरातल्या दुरुस्तीवाल्यांकडची वापरलेली स्टिक हा चांगला पर्याय आहे, कारण रॅमला झिजणारे, फिरणारे भाग नसतात. फक्त समोर लावून, सीपीयू-झेडमध्ये क्षमता आणि वेग दाखवायला सांगा. वरचं लेबल बदलता येतं, म्हणून आतली नोंद पाहावी. नवी घेतली तर पक्कं बिल घ्या. बरेच नावाजलेले ब्रँड रॅमला लांब मुदतीची वॉरंटी देतात आणि बिल नसेल तर तिचा उपयोग होत नाही.

बसवताना

संगणक बंद करा, मागची वायर काढा, आणि मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. स्टिकला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला स्पर्श करा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत हे जास्त महत्त्वाचं. स्लॉटच्या टोकाची क्लिप उघडा. काही बोर्डांवर क्लिप एकाच टोकाला असते, दुसरं टोक स्थिर असतं. खाच जुळवून स्टिक सरळ उभी धरा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी दाबा. 'टक' असा आवाज येऊन क्लिप आपोआप मिटली पाहिजे. इथे वाटतं त्यापेक्षा जास्त जोर लागतो, आणि एका टोकाने अर्धवट बसलेली स्टिक हे डिस्प्ले न येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. प्रोसेसरचा पंखा मोठा असेल तर पहिल्या स्लॉटवर त्याची सावली येते. उंच, पत्र्याचं कवच असलेली स्टिक घेण्याआधी ती उंची मोजा.

जुनी स्टिक बाहेर काढलीच आहे तर तिचे सोनेरी दात स्वच्छ करून घ्या. कोकणात आणि किनारपट्टीवर पावसाळ्यात दमट, खारट हवेने त्यांवर थर साचतो, आणि पावसाळ्यानंतर संगणक सुरू करताच बीप वाजत राहण्याच्या तक्रारी याच कारणाने वाढतात. आपले दुरुस्तीवाले खोडरबर घासतात. मऊ, पांढरा खोडरबर हलक्या हाताने चालवायला हरकत नाही, पण हे काम स्लॉटपासून दूर करा आणि चुरा पूर्ण झटका. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड मिळालं तर ते अधिक चांगलं.

आता संगणक सुरू करा आणि धीर धरा. डीडीआर-५ च्या बोर्डाला नवी मेमरी पहिल्यांदा दिसली की तो तिच्याशी ताळमेळ बसवत बसतो. पडदा काळा असतो, पंखे फिरत असतात, आणि कधी कधी यात कित्येक मिनिटं जातात. घाबरून बटण दाबलं की सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

बायोसमधली एक ओळ

या एका बदलाने फुकटात वेग मिळतो, आणि दहातल्या बहुतेक घरी तो केलेलाच नसतो असं मी खात्रीने सांगेन. प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते, तिच्यात स्टिकला कोणकोणते वेग जमतात त्याची नोंद असते. बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना सुरक्षित, सर्वमान्य वेग निवडतो: डीडीआर-४ साठी २१३३, २४०० किंवा २६६६, डीडीआर-५ साठी बऱ्याचदा ४८००. पाकिटावरचा ३६०० किंवा ६००० हा वेगळ्या नोंदीत असतो आणि तो आपण चालू करावा लागतो. इंटेलच्या जगात या नोंदीला एक्सएमपी म्हणतात, एएमडीने २०२२ मध्ये डीडीआर-५ सोबत एक्स्पो आणलं, आणि असूसच्या एएमडी बोर्डांवर डीओसीपी हे नावही दिसतं.

सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या मांडणीत, जा, ही ओळ शोधा, प्रोफाइल १ निवडा, एफ-१० दाबून जतन करा. एवढंच. तांत्रिकदृष्ट्या हे ओव्हरक्लॉकिंगमध्ये मोडतं, म्हणजे प्रोसेसर बनवणारी कंपनी त्या वेगाची हमी देत नाही, हे माहीत असू द्या. यंत्र सुरूच झालं नाही तर बहुतेक बोर्ड दोन-तीनदा प्रयत्न करून स्वतःच जुन्या वेगावर परततात. नाहीच परतला, तर वायर काढून बोर्डावरचा नाण्यासारखा सेल काही मिनिटं काढून ठेवा, सगळी मांडणी मूळपदावर येते. मग एक पायरी खालचा वेग लावून बघा. एच-४१० आणि एच-५१० सारखे स्वस्त बोर्ड प्रोसेसरच्या अधिकृत वेगापलीकडे जाऊच देत नाहीत, आणि ऑफिसांतून निघालेल्या ब्रँडेड संगणकांच्या बायोसमध्ये ही ओळ बहुधा नसतेच. तिथे महागडी वेगवान स्टिक घेऊ नका.

शेवटची तपासणी

विंडोजमध्ये परत टास्क मॅनेजर उघडा. 'स्पीड' समोर अपेक्षित वेग आहे का पाहा. सीपीयू-झेडमध्ये चॅनेल पाहताना डीडीआर-५ ची एक गंमत लक्षात ठेवा: तिची एकच स्टिक आतून ३२-३२ बिटांच्या दोन भागांत विभागलेली असते, त्यामुळे एका स्टिकलाही '२ गुणिले ३२' दिसतं. दोन चॅनेल चालू असतील तर '४ गुणिले ३२' दिसायला हवं.

'हार्डवेअर रिझर्व्हड' समोर काही जीबी अडकलेले दिसले तर त्यातला काही भाग प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सने घेतलेला असतो, तो बायोसमधून कमी-जास्त करता येतो. निम्मी रॅमच गायब असेल तर स्टिक अर्धवट बसली आहे, किंवा विंडोजमधल्या एमएसकॉन्फिग या प्रोग्रामच्या 'बूट' पानावरच्या प्रगत पर्यायांत 'मॅक्सिमम मेमरी' वर कुणीतरी खूण करून ठेवली आहे. ती काढून टाका.

आणि मेमरीची चाचणी कराच. विंडोजमध्ये 'मेमरी डायग्नॉस्टिक' आहे, पण मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवणं अधिक भरवशाचं. सकाळी एकही चूक दिसता कामा नये. एक चूक म्हणजे थोडी चूक असं इथे नसतं: तोच बिट उद्या एखाद्या जमाखर्चातला आकडा असू शकतो, आणि तो बदलल्याचं कुणालाच कळणार नाही. अधूनमधून येणारा निळा पडदा, झिप फायली न उघडणं, विंडोज इन्स्टॉल होताना मध्येच अडकणं ही अशाच मेमरीची लक्षणं आहेत. चूक आली तर आधी एक्सएमपी बंद करून परत चाचणी घ्या. तेव्हा निकाल स्वच्छ आला तर स्टिक बिघडलेली नाही, वेग झेपत नाही. तरीही चूक आली तर एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून तपासा, म्हणजे दोषी कोण ते कळेल. सगळ्याच स्टिका त्या स्लॉटमध्ये चुकत असतील तर दोष स्लॉटकडे किंवा बोर्डाकडे असण्याची शक्यता जास्त.

रॅम भरपूर झाली की 'आता पेजफाइल बंद कर' असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. काही प्रोग्राम वापरणार नसले तरी मोठी जागा आधीच मागून ठेवतात, आणि पेजफाइल नसेल तर रॅम मोकळी दिसत असतानाही 'मेमरी कमी आहे' असं सांगून ते बंद पडतात. तिचा आकार विंडोजला ठरवू द्या, आणि संगणकात दोन डिस्क असतील तर ती एसएसडीवर आहे एवढं पाहा.